येळवशीचं दुसरं बिंदगं

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे लोक ज्याला "चालतंय की" म्हणतात ते कसं चालत नाही हे दाखवून द्यायचा मला पगार मिळतो. शंका घेणं हा माझा धंदा. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारतो – जेवला होतात का, झोप झाली होती का, आणि पुन्हा तसंच करून पाहिलं तर पुन्हा घडलं का? या सवयीमुळे सासरवाडीला रात्री भुताखेतांच्या गप्पांचा फड जमला की मला आग्रहानं लवकर झोपायला पाठवतात. आता हे लिहायची पाळी माझ्यावरच आलीय, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

तर आमचं बिऱ्हाड. परभणी जिल्हा, गंगाखेड तालुका, राणीसावरगावच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक लहान गाव आहे. नाव देत नाही, कारण एक माणूस अजून तिथं शांतपणे राहतोय आणि त्याच्या दारात चौकशा नकोत. ऑफिसनं घरून काम करायला कायमची परवानगी दिली तेव्हा मी आणि माधुरी – माझी बायको – पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन इथं आलो. लोकांना वाटलं आमचं डोकं फिरलं. पण हिशोब सोपा होता. पुण्यात गाडी लावायच्या जागेचं जे भाडं पडतं त्यात इथं तीन खोल्या, अंगण, आड आणि मागच्या दारी डोंगर. गंगाखेडला रेल्वे आहे, नांदेड दोन-अडीच तासांवर, ऑफिसला तोंड दाखवायला महिन्यातून एकदा पुण्याची ट्रॅव्हल्स. घरात फायबरचं वायफाय आलेलं. मीटिंगमध्ये मोर ओरडायचे आणि बंगळुरूचा मॅनेजर विचारायचा, तुझ्याकडे कुणी रडतंय का.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण माधुरीला माहीत होतं. माझी आई याच भागातली. गंगाखेडकडची. लग्न होऊन पुण्याला आली ती आलीच, माहेरची जमीन गेली, माणसं गेली, परत यायला काही उरलंच नाही. पण वर्षातला एक दिवस ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर हे गाव आणायची. तो दिवस म्हणजे येळवस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मार्गशीर्षातली अवस. लातूरला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात त्या दिवशी अख्खं गाव शेतात जातं. गावात चिटपाखरू राहत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, धपाटे आणि मुख्य म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली. ती बिंदग्यात, म्हणजे लहान मातीच्या मडक्यात भरून डोक्यावर शेतात न्यायची. थोडी पिकावर शिंपडायची आणि उरलेली पोट फुटेस्तोवर प्यायची.

आईकडं शेत कुठलं? बाल्कनीत एक कुंडी होती, तुळशीशेजारची, तिच्यात दोन-चार ज्वारीचे दाणे टाकून ठेवायची. येळवशीला बरोबर हातभर ताटं यायची. त्यात वाटीभर आंबील ओतायची आणि येळवशीला शेतात देतात ती जुनी कानडी वळणाची हाळी द्यायची, जिचा अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. सोसायटीतली पोरं खालून बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिची आंबील मात्र अशी की... गॅसवर कौलाचा तुकडा लाल तापवायची आणि ताकात टाकायची. चर्र व्हायचं, घरभर धूर. ती धुरकट चव मी नंतर कुठंच चाखली नाही आणि ही खुबी कधी कुणाला सांगितलीही नाही, माधुरीलाही नाही. सांगण्यासारखं काय आहे असंच वाटायचं.

तिच्या शेवटच्या येळवशीला तिचे गुडघे अगदी गेले होते. बाल्कनीचा उंबरठा ओलांडवत नव्हता. वाटी हातात घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बापू, एवढी कुंडीत ओतून ये." मी कॉलवर होतो. माइक बंद करून म्हणालो, "ठेव तिथं, ओततो." तिनं खाली ठेवली. कॉल संपला, दुसरा लागला. रात्री पाहिलं तर वाटीत माशी पडलेली. मी ती सिंकमध्ये ओतली आणि तिला सांगितलं, ओतली कुंडीत. पुढच्या महिन्यात आई गेली. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

असो. घरमालकांचं सांगतो. अप्पा. लिंगायत, पंचाहत्तरीचे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. पूर्वी राणीसावरगावात किराणा दुकान चालवायचे, त्यामुळे बोलताना अजून हवेत पुडी बांधल्यासारखी बोटं हलतात. घराच्या अर्ध्या भागात ते आणि त्यांची बायको, अर्ध्यात आम्ही. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. आम्ही आलो त्या उन्हाळ्यातच आक्का गेल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना स्वतःच्या शेतातच माती दिली, डोंगराच्या उतारावर, जांभळीखाली. अप्पा रोज सकाळी तिथं जाऊन बसायचे आणि दहा वाजता परत यायचे, दुकान बंद करून आल्यासारखे.

मुलगा हैदराबादला. चांगला आहे, वाईट नाही. त्याचं म्हणणं, बाबा एकटे कशाला, इकडं चला. आणि शेताला गिऱ्हाईकही आलेलं. नांदेडची एक पार्टी त्या उतारावर फार्महाऊसचे प्लॉट पाडणार होती. शहरापासून जवळ, निसर्गाच्या सान्निध्यात, परवडणाऱ्या दरात... म्हणजे आमच्यासारख्याच लोकांसाठी. माझं मलाच हसू आलं आणि रागही. अप्पांनी हो म्हटलं होतं. संक्रांतीनंतर सही, घराला कुलूप, आणि आम्ही परत पुण्याला. माधुरीनं पुण्याच्या भाडेकरूला फोनही करून ठेवला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आईचं गाव म्हणून काही उरलंच नव्हतं, त्यातल्या त्यात एवढी ओसरी सापडली होती, आणि तीही चालली.

मी एकदा अप्पांना म्हटलं, "आक्कांना सोडून करमेल का तुम्हाला तिकडं?"

"न्हाई करमणार," अप्पा म्हणाले. "पर पोरगा लय मागं लागलाय. आन् हितं तरी काय हाय? घरात गेलं की भांडी बोलत न्हाईत. येळवस आली, कोण करायलंय? औंदा कायी न्हाई. गुमान बसायचं."

माधुरी कोथरूडची. तिला येळवस म्हणजे काय हे माझ्याकडून ऐकूनच ठाऊक. पण तिनं अप्पांसमोर बसकण मारली. "अप्पा, जाताय तर जा. पण आम्हाला एकदा दाखवून तर जा कशी असते ती. मी करते आंबील, तुम्ही नुसतं सांगा."

अप्पा बराच वेळ बोटं हलवत राहिले. मग म्हणाले, "बरं. शेवटली म्हणून करू."

मग त्यांच्यात जान आली. गंगाखेडच्या बाजारातून एकच बिंदगं आणलं, वाजवून वाजवून पारखून. माधुरीला पीठ किती, ताक किती, कधी भिजवायचं ते सांगितलं. आणि मला त्यांच्या घरची रीत. आंबिलीचं बिंदगं घरातून उचललं की शेतात कोपीपुढंच टेकवायचं. मधी कुठं जमिनीला लागू द्यायचं नाही. "जिची आंबील, तिचा मान ऱ्हातो. इतके वर्सं आक्का न्यायची. चाळीस मिंट वाट हाय, पर तिनं कदी डोक्यावरनं उतरवलं न्हाई का थांबली न्हाई."

येळवशीला पुण्याच्या ऑफिसला सुट्टी कुठली? सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमचा रोजचा कॉल, होता. अप्पा आणि माधुरी बाकीचं जेवण घेऊन भावकीतल्या एकाच्या जीपनं पुढं गेले. ठरलं असं की मी स्टँडअप उरकून बिंदगं घेऊन पायी यायचं. अकराच्या सुमाराला दाराला कडी घातली, डोक्यावर चुंबळ, त्यावर बिंदगं. गाव खरंच रिकामं. गिरणी बंद, पारावर कुत्रंसुद्धा नाही. ऊन कोवळं, दोन्ही बाजूंनी ज्वारी कमरेएवढी, हरभऱ्याचा आंबूस वास. मला इतकं बरं वाटत होतं की मी शीळ घालत होतो.

आमच्या वाटेवर लिंबाखाली एक मोठा सपाट दगड आहे. गावात आणि शेतात मोबाइलला रेंज नाही, पण त्या दगडापाशी दोन काड्या मिळतात. पोरं त्याला रेंजचा दगड म्हणतात. मी तिथं पोचलो आणि फोन वाजला. मॅनेजर. रिलीज अडकलं होतं. एका हातानं बिंदगं सावरत बोलायचा प्रयत्न केला, आवाज तुटायला लागला, तो म्हणाला, नितीन, स्क्रीनशॉट बघ. मी बिंदगं उतरवलं आणि दगडावर ठेवलं. दगड म्हणजे काही जमीन नाही, असा शहाणपणाचा विचारही केला. पाठ वळवून दोन मिनिटं बोललो असेन. मागं टप्प असा आवाज आला. बिंदगं घरंगळून खाली, दोन तुकडे, आंबील मातीत. दगडाला उतार होता. मी कितीदा बसलोय त्या दगडावर, मला माहीत होतं उतार आहे.

मी तिथं उभा राहून स्वतःला आईवरून शिव्या दिल्या. शिवी देताना आई आठवली आणि ती वाटी आठवली. म्हातारा तिकडं कोपीपुढं बसून वाट बघतोय, शेवटची म्हणून. काय सांगणार होतो? मॅनेजरचा फोन आला होता?

परत घराकडं निघालो. फ्रिजमध्ये ताक आहे, पातेल्यात पीठ कालवून नेऊ, काहीतरी करू, एवढंच डोक्यात. अंगणात शिरलो तसं फोननं वायफाय पकडलं आणि मेसेज धडाधडा पडायला लागले. मी चालता चालताच उत्तर टाइप करायला लागलो. ते उत्तर अजून आमच्या ऑफिसच्या चॅटमध्ये आहे, चुकांसकट.

ओसरीच्या पायरीशी आलो तर समोर एक बाई उभी होती. दार उघडं होतं. हे मला दिसलं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून. जुनेर लुगडं, विटकरी का तसल्याच रंगाचं. मला वाटलं भावकीतली कुणीतरी, अप्पांनी पाठवली असेल. भर दुपारी, लख्ख उन्हात, भिण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"मावशी, अप्पांनी पाठवलं का?" मी टाइप करतच विचारलं.

माझ्यापुढं बिंदगं आलं. भरलेलं, वर ज्वारीची पानं. मी एक हात पुढं केला.

"दोनी हातानं धर बापू," ती म्हणाली. रागावून नाही. पोराला वाटी देताना सांगतात तसं. "आन् आता खाली ठिवू नगं."

इकडच्या बायका कुणालाही बापू म्हणतात. मी फोन खिशात टाकला, दोन्ही हातांनी बिंदगं घेतलं. तेव्हा तिचे हात दिसले. काचेच्या बांगड्या आणि मनगटापर्यंत लागलेलं पीठ. मी "थँक्यू मावशी" म्हणालो, वळलो आणि चालायला लागलो, कारण उशीर झाला होता.

निम्म्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं – "आता" म्हणाली. आता खाली ठेवू नको. मी आधी ठेवलं होतं हे तिला कुणी सांगितलं? रेंजच्या दगडाखाली फुटक्या बिंदग्याचे दोन तुकडे तसेच पडलेले होते, मुंग्या लागलेल्या. खिशात फोन वाजला. मी थांबलो नाही.

कोपीपुढं बिंदगं टेकवलं तेव्हा खांदे भरून आले होते. अप्पांनी पूजा केली. पांडवांना, मग जांभळीखाली आक्कांच्या मातीला आंबील शिंपडली. हाळी द्यायला तोंड उघडलं, आवाज निघेना, म्हणून मी दिली. मला ती पाठ आहे हे मलाच माहीत नव्हतं. मग जेवायला बसलो. घडलेलं मी अजून सांगितलं नव्हतं, जेवण झाल्यावर सांगू म्हटलं.

अप्पांनी पहिला घोट घेतला आणि वाटी तशीच धरून बसले.

"पोरी, ओवा कामून घातलास?" त्यांनी माधुरीला विचारलं.

"ओवा? मी नाही घातला ओवा."

"हाय की. माज्या पोटाला बाधू नये म्हणून फकस्त आक्का घालायची. दुसरं कोणी आंबिलीत ओवा घालत न्हाई." त्यांनी आणखी एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी सरळ दाढीत उतरलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "हे तिच्या हातचं हाय."

मी माझी वाटी तोंडाला लावली. ओव्याचा मागमूस नव्हता. धूर होता. तापल्या कौलाचा धूर, आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा. मी वाटी संपवली, दुसरी घेतली, आणि मग बायकोसमोर, म्हाताऱ्यासमोर ढसाढसा रडलो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

माधुरीनं दोघांकडं पाहिलं, मग चाखली. ती सरळ माणूस आहे, उगाच भावनेत वाहत नाही. म्हणाली, "मला ओवाही लागत नाही आणि धूरही नाही. साधी आंबील आहे. पण नितीन, ही माझी नाही. माझी आंबलीच नव्हती नीट, मी सकाळी चाखली होती. ही छान आंबलीय."

मग मी सगळं सांगितलं. अप्पांनी बिंदगं उचलून वाजवलं, बुड पाहिलं. "आपण आणलेलं नवं होतं. हे वापरातलं हाय," एवढंच म्हणाले. त्यांनी कुणालाही पाठवलं नव्हतं. भावकीतल्या सगळ्या बायका आमच्या डोळ्यांसमोर शेजारच्या शेतांत होत्या, एकमेकींना जेवायला हाका मारत होत्या. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी आलो तर दाराला बाहेरून कडी, मी घातली होती तशी. स्वयंपाकघरात माधुरीची भांडी होती तशी. पीठ सांडलेलं नाही, चूल पेटलेली नाही.

मी माझ्या धंद्याला जागलो. पंधरा दिवस घरोघर विचारलं, विटकरी लुगड्याची बाई कोण. लोकांनी चहा पाजला, नावं सुचवली, एकही जुळलं नाही. भूक, ऊन, मनातली बोच – ही सगळी कारणं मी स्वतःला लावून पाहिली. माझ्या रडण्याला ती पुरतात. पण बिंदग्याला पुरत नाहीत. फुटकं एक वाटेवर होतं आणि धडकं एक आमच्या पुढ्यात होतं, आणि विकत आणलं होतं एकच.

अप्पांनी त्याच रात्री हैदराबादला फोन लावायला सांगितला. मुलाला म्हणाले, "औंदा न्हाई यायलो. शेताचं पण ऱ्हाऊ दे." तिकडून पोरगा बरंच बोलला. अप्पा ऐकून घेत होते, बोटं हलवत. शेवटी म्हणाले, "आरं, घरात माणूस हाय अजून. तिला टाकून कसा येऊ?" मुलानं पुढच्या महिन्यात येऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. सही झाली नाही. आम्ही अजून तिथंच आहोत.

त्यानंतर दोन येळवशी झाल्या. मी फोन कपाटात ठेवून, बिंदगं न टेकवता शेतात नेतो. माधुरीची आंबील आता चांगली होते. अप्पा पहिला घोट घेतात, थोडं थांबतात आणि म्हणतात, "बेस झालीय पोरी." ओवा नसतो. मीही थांबतो. धूर नसतो. आमच्या टेस्टिंगच्या धंद्यात ज्या गोष्टी पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत त्यांच्यापुढं एक शेरा मारून त्या बंद करतात. मला ही बंद करता येत नाही. ते बिंदगं आमच्या फडताळात आहे. कुणाचं, मला सांगता येत नाही.

लोक विचारतात, चेहरा कसा होता? आक्कांसारखा की तुमच्या आईसारखा? मला माहीत नाही. धुकं नव्हतं, अंधार नव्हता, पदर तोंडावर ओढलेला नव्हता. बाई हातभर अंतरावर, भर उन्हात माझ्यासमोर उभी होती. मी फोनमध्ये बघत होतो.